पोरांचा भाव ठरवू नका, त्यांची मिनिटं मोजा

३० नोव्हेंबर २०२५ ला अहमदाबादमध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुलांनी फुटबॉलमध्ये इराणला २-१ असं हरवलं आणि त्यांच्या वयोगटाच्या २०२६ च्या आशिया चषकाचं तिकीट काढलं. इराणला बरोबरी पुरली असती, आपल्याला जिंकणंच भाग होतं. त्यात पहिला गोल इराणचा झाला. याच गटात आपण लेबनॉनकडून ०-२ असे हरलो होतो, पॅलेस्टाइनशी १-१ वर अडकलो होतो, त्यामुळे त्या संध्याकाळी फार आशेने टीव्ही लावला होता असं नाही. मग मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी झाली, नंतर दुसरा गोल, आणि शेवटची पंधरा मिनिटं मी खुर्चीवर बसू शकलो नाही. अवघ्या बारा दिवसांपूर्वी आपला वरिष्ठ संघ ढाक्यात बांगलादेशकडून हरला होता, त्याआधी ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने आपल्याला हरवलं होतं, २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं होतं. अशा वर्षात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आनंदाने ओरडायला लावलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

पण सामना संपून तासही झाला नव्हता तेव्हा मुलांचा बाजार भरला. कुणाला दहापैकी नऊ, कुणाला साडेसहा. आघाडीवरचा हा पुढचा सुनील छेत्री, बचावातला तो पुढचा संदेश झिंगन, ह्याला लगेच युरोपात पाठवा, त्याचे पाय बरे आहेत पण उंची कमी पडणार. एकाने तर २०३४ च्या विश्वचषकाचा संघच मांडून टाकला. समोरून दुसरा गट तेवढ्याच जोराने उतरला: पोरासोरांच्या विजयाला काय अर्थ आहे, आधी वयाचे दाखले तपासा, २०१८ मध्ये अर्जेंटिनाला हरवलं होतं, पुढे काय झालं? हे भांडण दर विजयानंतर होतं आणि दर वेळी चुकीच्याच जागी होतं. दोन्ही बाजू एकाच गोष्टीचा निकाल लावायला बसलेल्या असतात: हे पोरगं किती लायकीचं आहे? माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न सोळाव्या वर्षी विचारायचाच नसतो, कारण त्याचं उत्तर तेव्हा त्या पोरात नसतंच. ते पुढच्या चार वर्षांत, त्याला किती आणि कसले सामने खेळायला मिळतात त्यात असतं. आपण चाहत्यांनी मोजायची असतील तर मिनिटं मोजावीत. म्हणूनच या लेखात मी त्या संघातल्या एकाही मुलाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

अर्जेंटिनाचा दाखला सारखा दिला जातो, तर तो नीट उलगडू. ऑगस्ट २०१८, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाजवळची कोटिफ स्पर्धा. भारताचा वीस वर्षांखालील संघ आधी मुर्सियाकडून आणि मॉरिटानियाकडून हरलेला, व्हेनेझुएलाशी गोलशून्य बरोबरीत सुटलेला. अर्जेंटिनाच्या वीस वर्षांखालील संघाविरुद्ध चौथ्याच मिनिटाला दीपक टांगरीने कॉर्नरवर हेडर मारून गोल केला. उत्तरार्धात आपला एक खेळाडू लाल कार्ड मिळून बाहेर गेला, तो आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. दहा जण उरलेले असताना अन्वर अलीने फ्री किकवर दुसरा गोल मारला. अर्जेंटिनाने एक फेडला, पण सामना आपण २-१ असा जिंकलो. त्या रात्री मीही नाचलो होतो. अर्जेंटिनाच्या बाकावर त्या दिवशी प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी होते, सोबत पाब्लो आयमार. ती स्पर्धा पुढे अर्जेंटिनानेच जिंकली, आणि चार वर्षांनी कतारमध्ये स्कालोनींच्या संघाने विश्वचषक उचलला. त्या एका रात्रीवरून कुणी त्यांचा निकाल लावला असता, तर तो काय लागला असता?

आणि आपल्या मुलांचं काय झालं? ‘पुढे काय झालं’ असं म्हणणाऱ्यांना बहुधा उत्तर ऐकायचंच नसतं, ते फक्त खांदे उडवतात. अन्वर अलीच्या त्या फ्री किकवरून त्याच्या भवितव्याबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली होती. वर्षभरात त्याच्या हृदयात दोष आढळला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याचं खेळणं थांबवलं, घर चालवणाऱ्या त्या मुलाला खेळू द्या म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. तो परतला, भारताचा मुख्य बचावपटू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्या प्रशिक्षकपदाच्या पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानविरुद्ध पाचव्या मिनिटाला हेडरने त्यानेच गोल केला. टांगरी तेव्हा बचावात गणला जायचा, तो मधल्या फळीत सरकला. लाल कार्डवरून ज्याला त्या रात्री शिव्या पडल्या तो अनिकेत वरिष्ठ संघाकडूनही खेळला. ना ‘पुढचा बेकहॅम’ म्हणणारे बरोबर ठरले, ना ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे. हृदयाचा दोष कुठल्या सामन्यात दिसणार होता? न्यायालयात जाण्याची जिद्द दहापैकी कितीची?

आता उत्साही मंडळींची बाजू. ती मला मनापासून पटते, म्हणून आधी तीच मांडतो. उत्साह नसेल तर फुटबॉल नाही. कोल्हापुरात हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. एप्रिलच्या उन्हात शाहू स्टेडियमच्या पायऱ्या तापलेल्या असतात, तरी पाटाकडील आणि दिलबहार, शिवाजी आणि खंडोबा असा सामना असला की दुकानं अर्धी ओढून माणसं येतात. पेठेतलं सोळा वर्षांचं पोरगं पहिल्यांदा अंगात जर्सी घालून उतरतं तेव्हा त्याची गल्ली सगळी पायऱ्यांवर असते. ह्या माणसांना कुणी म्हणालं, ‘शांत बसा, संयम ठेवा, अजून लहान आहे तो,’ तर त्यांनी तिथे यायचंच कशाला? आणि त्यांची नजर कच्ची असते असंही नाही. माझ्या शेजारी एक वयस्कर काका कैक वर्षं बसतात. मी एकदा एका पोराच्या ड्रिबलवर उठून टाळ्या वाजवल्या, तर माझा शर्ट ओढून त्यांनी मला खाली बसवलं. “बॉलकडं काय बगतोस? बॉल याच्या आदी त्येची मान किती बाऱ्या फिरत्या ते बग.” मी पाहिलं. बॉल त्या पोराकडे यायच्या आधी त्याने एकदाही मागे पाहिलं नव्हतं. घेतला, वळला, आणि मागून आलेल्याच्या पायात दिला. दुसऱ्या संघातलं एक किरकोळ पोरगं मात्र बॉल लांब असतानाच दोन्ही खांद्यांवरून मान फिरवून घेत होतं, त्यामुळे बॉल आला की त्याला विचार करावा लागत नव्हता. पूर्ण सामन्यात त्याच्यासाठी एकही टाळी वाजली नाही.

काकांची नजर मोठमोठ्या अकादम्यांच्या निवडकर्त्यांइतकी पक्की आहे असं मी छातीठोक सांगेन. पण ही नजर फार तर आज काय आहे ते सांगते, उद्या काय होणार ते सांगत नाही. काकांनीच वाखाणलेली पोरं नंतर रिक्षा चालवताना, मार्केट यार्डात हिशेब लिहिताना आम्ही दोघांनी पाहिली आहेत. त्यांची मान फिरायची थांबली म्हणून ती मागे पडली नाहीत. घरी पगार लागत होता, गुडघा दुखावला तेव्हा नीट उपचार झाले नाहीत, आणि हंगाम संपला की पुढचे कित्येक महिने खेळायला सामनेच नव्हते, म्हणून ती मागे पडली.

त्यात सोळाव्या वर्षाचं शरीर फसवं असतं. २०२६ च्या या आशिया चषकासाठी १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं पात्र ठरली. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोरगं एकाच गटात धावणार. चाळिशीत अकरा महिन्यांचं अंतर दिसत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ते खांद्यात, मांडीत आणि उडीत दिसतं. ज्याचा आवाज लवकर फुटला, दाढी लवकर आली, तो धक्क्याने बॉल काढून घेतो, आणि आपण त्याला ‘ताकदवान, परिपक्व’ म्हणतो. उशिरा वाढणारा मार खातो, पण मार चुकवायला तो डोकं वापरायला शिकतो. विसाव्या वर्षी दोघं सारख्याच उंचीचे होतात तेव्हा पहिल्याची धक्क्याची जमापुंजी संपलेली असते आणि दुसऱ्याकडे डोकं शिल्लक असतं, फक्त तोवर आपण दुसऱ्याला ‘उंची कमी पडणार’ म्हणून घरी पाठवलेलं असतं. एका विजयाची चित्रफीत पाहून गुण देणारे नेमके पहिल्यालाच नऊ देतात.

इथे शंकेखोर मंडळी म्हणतील, बघा, तुम्हीही आमचंच बोलताय. त्यांचे दोन मुद्दे खरे आहेत आणि मी ते मान्य करतो. वयचोरी आपल्याकडे आहे, शालेय स्पर्धांपासून आहे, आणि ती खऱ्या वयाच्या मुलाची जागा खाते. म्हणून तर मनगटाचा एमआरआय काढायची पद्धत आली. दुसरं, कुमार गटातलं यश वर पोचतंच असं नाही. नायजेरियाने सतरा वर्षांखालील विश्वचषक पाच वेळा जिंकला: १९८५, १९९३, २००७, २०१३, २०१५. वरिष्ठ विश्वचषकात मात्र शेवटच्या सोळा संघांच्या पुढे नायजेरिया कधीच गेला नाही. ह्याहून मोठा पुरावा कुठला हवा? पण त्याच पुराव्यासमोर पोर्तुगाल ठेवा. १९८९ आणि १९९१ असे लागोपाठ दोन वीस वर्षांखालील विश्वचषक पोर्तुगालने जिंकले. त्या मुलांतून लुईस फिगो आणि रुई कोस्टा आले, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं पोर्तुगालचा वरिष्ठ संघ त्यांच्यावर उभा राहिला. मग कुमारांच्या विजयाला अर्थ असतो की नसतो? विजयात तो शोधून सापडणार नाही. पोर्तुगालच्या मुलांना घरच्याच मोठ्या क्लबांत लगेच जागा होती. नायजेरियाच्या कित्येक मुलांना मिळेल त्या देशातल्या मिळेल त्या क्लबात, एजंटाच्या भरवशावर जावं लागलं. ‘काही अर्थ नाही’ म्हणून हात झटकणारा माणूस हा सगळा मधला काळ वगळतो, जसा ‘पुढचा छेत्री’ म्हणणाराही वगळतो. त्यांच्यातलं हे साम्य मला त्यांच्या भांडणापेक्षा जास्त खुपतं.

आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, यजमान म्हणून आपण खेळलो आणि तिन्ही सामने हरलो: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने हेडरने बरोबरी साधली, फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल, आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने पुन्हा आघाडी घेतली. निकालपत्रक पाहिलं तर ही नापास तुकडी. तरीही जॅक्सन, सुरेश वांगजाम, अमरजित कियाम, अन्वर अली, रहीम अली, राहुल के. पी., अनिकेत असे कितीतरी जण त्यातून वरिष्ठ संघात आले. का? विश्वचषक संपल्यावर महासंघाने त्या मुलांना विखरू दिलं नाही. इंडियन अ‍ॅरोज हा संघ पुन्हा उभा केला आणि त्यांना देशातल्या व्यावसायिक क्लबांच्या आय-लीगमध्ये मोठ्या माणसांशी खेळायला लावलं. ती हरली, शेवटच्या क्रमांकाच्या आसपास राहिली, पण आठवड्यामागून आठवडे नव्वद-नव्वद मिनिटं खेळली.

आता २०१८ चा सोळा वर्षांखालील संघ बघा. प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस, गोव्याचे. इराणला परवा हरवणाऱ्या संघाचेही तेच प्रशिक्षक. त्या संघाने सोळा वर्षांखालच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला गोल करू दिला नाही, आणि उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ असा एका गोलाने विश्वचषक हुकला. कागदावर ही तुकडी २०१७ पेक्षा सरस. तिच्यातून विक्रम प्रताप सिंग वरिष्ठ संघापर्यंत पोचला, पण आधीच्या तुकडीइतकी नावं वर आली नाहीत. त्यांच्याही वाट्याला अ‍ॅरोज आलं होतं, पण ऐन सतराव्या-अठराव्या वर्षी कोविड आला, लीग आटोपत्या झाल्या. २०२२ मध्ये अ‍ॅरोजच बंद करून टाकलं. महामारीचा दोष कुणावर घालता येणार नाही. पण महामारी संपल्यावर ती मिनिटं भरून काढायची कुणाला आठवण झाली? आपल्यापैकी कुणी तरी विचारलं का? आपण तोवर नव्या तुकडीला गुण द्यायला लागलो होतो.

मराठी वाचकाला हे क्रिकेटमधून लगेच कळेल. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमकडून तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून होते. मुंबईकडून पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० धावा केल्या, आणि भारताकडून एकही सामना त्यांना मिळाला नाही. ही गोष्ट आपण नेहमी हुकलेल्या नशिबाची म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. भारताने बोलावलं नाही तरी या माणसाला वीस वर्षं फलंदाजी करायला जागा होती. पावसाळी कांगा लीगचा चिखल होता, ऑफिसच्या संघातली नोकरी होती, रणजी होती; प्रथम श्रेणीत त्यांनी अकरा हजारांवर धावा केल्या, आणि तो सगळा अनुभव घेऊन ते प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदार होते. क्रिकेटला जिना आहे. वरच्या मजल्यावर न पोचलेला माणूसही कुठल्या तरी पायरीवर उभा राहू शकतो. आपल्या फुटबॉलमध्ये सतरा वर्षांखालच्या संघातून बाहेर पडलेल्या मुलाला पुढची पायरीच दिसत नाही. २०२५ चा डिसेंबर संपत आला तरी त्या हंगामाची इंडियन सुपर लीग (आयएसएल), म्हणजे देशातली सर्वांत वरची क्लब लीग, सुरूच झाली नव्हती. महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपला, नवा ठरला नव्हता, आणि क्लबांनी सराव थांबवले होते. वरिष्ठ खेळाडूच घरी बसले होते, तर सतरा वर्षांच्या पोराने कुठे खेळायचं?

लीग सुरू झाली तरी प्रश्न सुटत नाही. आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू चालतात. क्लब ते चौघं कुठे खर्च करतात? बहुतेकदा गोल करायच्या आणि गोल करून द्यायच्या जागांवर. मालकाला निकाल हवा असतो, प्रशिक्षकाला नोकरी टिकवायची असते, त्यात त्यांचं काही वावगं नाही. पण त्यामुळे सोळाव्या वर्षी स्ट्रायकर म्हणून गोल मारणारं भारतीय पोरगं क्लबात गेलं की कडेला विंगवर ढकललं जातं, नाहीतर बाकावर. अनिकेत २०१७ मध्ये आघाडीवर खेळायचा. क्लबांतून तो बहुतेक विंगवरच दिसला. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये चाळिसाव्या वर्षी परत आला, मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्याच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण चाळीस वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागतं याचा अर्थ ‘पुढचा छेत्री’ म्हणून आपण ज्यांना ज्यांना डोक्यावर घेतलं त्यांना नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या, जागेवर कुणी खेळवलंच नाही.

मिनिटांनी काय होतं हे एकाच माणसात पाहायचं असेल तर धीरज सिंग पाहा. २०१७ च्या विश्वचषकातला आपला गोली, ज्याच्या झेपांनी देश हरखला होता. मग स्कॉटलंडमध्ये चाचणी, केरळ, कोलकात्याचा बाक. लोक म्हणाले, संपला. २०२१ मध्ये तो एफसी गोवाकडे आला, त्याला खेळवलं गेलं, आणि फातोर्ड्यावर आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये लोराँ ब्लाँ प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल रय्यान क्लबाला त्याने गोल करू दिला नाही. पोरगं तेच होतं, हात तेच होते. भारताचा विंगर लालियानझुआला छांगतेची कथा याहून लांब. डिसेंबर २०१५ मध्ये अठराव्या वर्षी त्याने नेपाळविरुद्ध दोन गोल मारले, गाजावाजा झाला, नंतरची पाच-सहा वर्षं ‘वेग आहे, पण डोकं नाही’ हा शेरा त्याच्या नावामागे चिकटून राहिला. मुंबई सिटी क्लबात त्याच्यावर विश्वास टाकला गेला, आठवड्याला सामना मिळाला, आणि तो लागोपाठ दोन वर्षं भारताचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ मध्ये आपण त्याला दिलेले गुण खरे होते की २०१९ मध्ये काढून घेतलेले?

‘खरी गुणवत्ता वाट काढतेच,’ असा एक आक्षेप येतो, आणि पुरावा म्हणून लामिन यमालचं नाव येतं. युरोपच्या चषकात सोळाव्या वर्षी फ्रान्सविरुद्ध गोल. कुणाला पारखावं लागलं का? पण तो सोळाव्या वर्षी तिथे पोचला याचं कारण बार्सिलोनाने त्याला पंधराव्या वर्षी मुख्य संघात उतरवलं होतं आणि नंतरचं पूर्ण वर्ष खेळवलं होतं. म्हणजे यमालसुद्धा मिनिटांचाच पुरावा आहे. उलट फ्रेडी अ‍ॅडू आठवा. चौदाव्या वर्षी अमेरिकेत व्यावसायिक करार, पेलेंबरोबर जाहिरात, ‘पुढचा पेले’ हे बिरूद. त्याला विशेषणं भरपूर मिळाली. मग देशोदेशीचे क्लब बदलत राहिला, कुठेच रुजला नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मिनिटं देणं हे महासंघाचं आणि क्लबाचं काम, चाहत्यांनी काय करायचं? आम्ही नोकरीधंदा सांभाळून सामना बघतो, चार शब्द बोलतो, तेवढंही बोलू नये का? बोला ना, खूप बोला. एवढंच म्हणतो की बोलण्याचा रोख बदला. क्लब आपल्याला ऐकतात हे आपण पाहिलेलं आहे. परदेशी स्ट्रायकर चार सामने गोलाविना राहिला की चाहते एवढा गदारोळ करतात की क्लबाला खुलासा द्यावा लागतो. तेवढाच गदारोळ ‘आमच्या अकादमीतला मुलगा ऑगस्टपासून एकाही सामन्यात का नाही? नसेल खेळवायचा तर दुसऱ्या क्लबाला उसना का दिला नाही?’ यासाठी झाला, तर त्याचाही खुलासा द्यावा लागेल. शिवाय आपली विशेषणं कुठे जाऊन पडतात याचाही विचार करायला हवा. मुलाच्या हातात मोबाइल असतो. विजयाच्या रात्री ‘पुढचा छेत्री’ वाचणारं पोरगं पुढच्या पराभवानंतर ‘फुकट गेला’ हेही वाचतं, दोन्ही आपणच लिहिलेलं असतं. ह्याच कौतुकाच्या कात्रणांवर एजंट घरी येतात आणि अकरावीतल्या मुलाच्या बापाला शाळा सोडवायला सांगतात.

हे लिहिताना एक गोष्ट मनात सलते. याच २०२५ मध्ये भारताच्या मुलींच्या वरिष्ठ, वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील अशा तिन्ही संघांनी आशिया चषकाची पात्रता मिळवली. वरिष्ठ संघाने थायलंडला त्यांच्या घरी हरवून ती मिळवली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्यांच्यावर कुणी गुणपत्रिका लिहिल्या नाहीत, भांडणही झालं नाही. मुलग्यांवर मतांचा पूर आणि मुलींच्या वाट्याला शांतता. त्यांची मिनिटं तर ह्याहून कमी आहेत, आणि ती मोजायला आपण सुरुवातही केलेली नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर लाखो मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला, शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. तो दिवस मला फार आवडला होता. वर्षभराने एका शाळेत गेलो तर ते बॉल कपाटात होते, जाळीच्या पिशवीत, हवा गेलेले, एकावर तर सुरुवातीचा प्लॅस्टिकचा कागदही तसाच. हवा भरायचा पंप शाळेकडे नव्हता आणि मैदानावर बांधकाम चाललं होतं. मग १४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सी आला, आणि राज्याच्या ‘प्रोजेक्ट महादेवा’त निवडलेली तेरा वर्षांखालची मुलंमुली त्याच्यासमोर आली. ही योजना यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटतं. निवड कशी झाली, कुणाचं पोरगं घेतलं, कुणाचं राहिलं, यावर वाद सुरू झाले आहेत आणि तेही होऊ देत. पण त्या मुलांना अठराव्या वर्षी दर शनिवारी कुठल्या मैदानावर, कुठल्या लीगमध्ये, कुणाविरुद्ध सामना असेल, हे कुणी विचारलेलं माझ्या वाचनात नाही. तेराव्या वर्षीची निवड चुकली तर ती दुरुस्त करता येते. त्यासाठी निवड न झालेल्या पोरालाही खेळत राहायला जागा लागते.

परवा शाहू स्टेडियमवर काका भेटले. इराणचा सामना त्यांनीही बघितला होता, नातवाच्या मोबाइलवर. मी विचारलं, “काका, कसं वाटलं पोरं?” ते म्हणाले, “चांगली हाईत. खेळू द्यात म्हंजे झालं.” मग नातवाला हाक मारून त्यांनी वही मागितली. त्या अहमदाबादच्या संघातली सगळी नावं त्यात त्यांनी नातवाकडून लिहून घेतली होती, खाली खाली ओळीने, प्रत्येक नावापुढे मोकळी जागा सोडून. क्लब, सामने, मिनिटं. एकाही रकान्यात अजून काही लिहिलेलं नव्हतं.